सत्तेचाळीसच्या दगडापुढचं घर

१

सकाळचा चहा झाला की मी आणि सूनबाई झाडं तोडायला बसतो. स्वयंपाकघरात, फ्रिजच्या शेजारी.

हसू नका. तिथं तिचा कॉम्प्युटर आहे, आणि त्यात एक खेळ आहे आगगाडी चालवायचा. चालवणारे गाडी चालवतात, पण रूळ, स्टेशनं, पूल, झाडं, घरं हे सगळं कुणीतरी आधी आत मांडून ठेवावं लागतं ना. ते आमची सूनबाई मांडते. मला वाटायचं पोरखेळ आहे. मग एक दिवस तिनं मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, "बाबा, ओळखा ही कुठली लाइन."

मी बघितलं आणि गप्प बसलो. मी गप्प बसलो म्हणजे काहीतरी बिनसलंय, असं समजून आमची बायको हातातली भाजी टाकून धावत आली.

ती आमची जुनी लाइन होती. एकतीस वर्षं मी त्या लाइनीवर गँगमध्ये काढली. खडी सारखी करायची, रुळाखालचे आडवे स्लीपर तपासायचे, सैल झालेले खिळे ठोकायचे, आणि रुळाकडेची झुडपं कोयत्यानं साफ करायची, म्हणजे ड्रायव्हरला लांबवरचं दिसावं. लाइन बंद पडून चौदा वर्षं झाली. आणि या पोरीनं, जिनं ती लाइन जन्मात बघितली नाही, जुने नकाशे आणि कुणाकुणाकडचे फोटो जमवून ती पुन्हा जशीच्या तशी अंथरली होती. सहाव्या पुलाचा एक कठडा वाकडा होता. इथंही वाकडा.

"हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कुणी नाही. एका फोटोत सावली वाकडी पडली होती."

आता बोला. सावलीवरून कठडा. मी अक्षरओळखीचा माणूस, आकडे तेवढे पाठ, पण हुशारी कशाला म्हणतात ते मला कळतं.

आता ती लाइन पुन्हा सुरू व्हायची आहे. नव्या ड्रायव्हरांना आधी खुर्चीत बसवून पडद्यावर शिकवणार, त्याची एक शाळा काढलीय. शाळेच्या लोकांनी सूनबाईचं काम बघितलं आणि म्हणाले, आमच्याकडे नोकरीला या. अट एवढीच, की ही लाइन आमच्या मशीनवर न अडखळता चालली पाहिजे आणि आमच्या परीक्षकांनी पास केली पाहिजे. मुदत तीन आठवडे. लग्नाला आठ वर्षं झाली तिच्या. त्यातली दोन तिनं या लाइनीत घातली, भांडी घासता घासता. आमचे चिरंजीव अजून त्याला "तुझं ते गाडी-गाडी" म्हणतात. पहिल्यांदा कुणीतरी त्याला काम म्हणालं होतं. ती वरवर काही दाखवत नव्हती, पण रात्रीच्या भाजीत दोनदा मीठ पडलं, त्यावरून मी ओळखलं.

२

शाळेची मशीन म्हातारी, आणि आमचा कॉम्प्युटर तिच्याच वयाचा. सीन जड झाला की गाडी उचकी लागल्यासारखी थबकते. म्हणून साफसफाई. गाडी सावकाश चालवायची आणि दिसेल त्या गोष्टीला विचारायचं, बाई गं, ड्रायव्हरला तू लागतेस का? नाही लागत? मग चल. एक बटण दाबलं की अख्खं झाड नाहीसं. काटा नाही, घाम नाही, मुकादमाची शिवी नाही. मी तर हरखूनच गेलो. कुठलं ठेवायचं, कुठलं काढायचं, ते मी सांगायचं आणि तिनं उडवायचं.

आता माझी खोड सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

गँगमध्ये मला "थापा" म्हणायचे. नवा गडी आला की मी त्याला स्टेशनमास्तरकडे उताराची किल्ली आणायला पाठवायचो. बिचारा तीन मैल चालत जायचा, शिव्या खाऊन परत यायचा. वय झालं, दात गेले, खोड गेली नाही.

साफसफाईच्या आधी, ती लाइन मांडत होती तेव्हाची गोष्ट. म्हणाली, "बाबा, सत्तेचाळीसच्या मैलाच्या दगडापुढं डोंगर कापलेली खिंड आहे ना, तिथं काय होतं? तिथला एकही फोटो मिळत नाही."

तिथं काही नव्हतं. दोन्ही बाजूला कातळ, मध्ये रूळ, कडेला काटेरी झुडपं. पण समोर एवढी आशेनं बघणारी पोर, हातात पेन, आणि तिला "काही नव्हतं" सांगायचं? माझ्याच्यानं झालं नाही.

"तिथं एक घर होतं," मी म्हटलं.

"खिंडीत?"

"वळणावर जरा रुंद जागा आहे, तिथं. पत्र्याचं छप्पर, निळं दार. बाहेर एक खुर्ची. उन्हाळ्यात आम्हाला तिथं पाणी मिळायचं."

"कोण राहायचं?"

"एक बाई. पण दिसायची नाही कधी. दाराआडून नुसता हात यायचा, पाण्याचा पेला घेऊन."

हात सुचला तेव्हा माझा मीच खूश झालो. थाप मारताना असा एखादा बारकावा सापडला की दिवस चांगला जातो.

"निळा म्हणजे कसा निळा?"

"धुऊन धुऊन विटलेल्या सदऱ्यासारखा."

दोन दिवस तिनं ते घर बांधलं. तिसऱ्या दिवशी दाखवलं आणि मी स्टूल पडद्याजवळ ओढलं. पत्र्यावर गंजाचे ओघळ. दाराच्या खालच्या फळीला पावसानं फुगारा आलेला. आणि तो निळा, अगदी तोच, जो मी नुसता तोंडानं म्हटला होता. माझ्या थापेला असं घर आजवर कुणी बांधून दिलं नव्हतं. खरं सांगायचं ते तेव्हाच. पण एवढं देखणं घर पाडायचं कसं, म्हणून राहिलं.

३

साफसफाई करत करत आम्ही सत्तेचाळीसला आलो आणि गाडी थबकली.

आम्ही झुडपं काढली. पुन्हा थबकली. कातळावरचं गवत काढलं. पुन्हा. सूनबाईनं एक यादी उघडली, कुठल्या वस्तूला मशीन किती दमते त्याची. घराचा आकडा सगळ्यात मोठा. स्टेशनाच्या इमारतीपेक्षाही.

"शक्यच नाही," ती म्हणाली. "याला पाठसुद्धा नाहीये."

तिनं मला मागंच समजावलं होतं. खेळातल्या घरांना पाठ नसते. गाडीतून जेवढं दिसतं तेवढंच करायचं, पुढची भिंत, दार, छप्पर. मागं मोकळं. मी म्हटलं होतं, तुझ्या सासरच्या निम्म्या नातेवाइकांसारखं. ती खूप हसली होती.

आता तिनं पडद्यावरची नजर उचलली, छपरावरून नेली आणि घराच्या मागं उतरवली.

मागं भिंत होती. धुरानं काळवंडलेली, वर एक झरोका. दोरीवर एक ओलं कापड, खालच्या टोकाला पाणी धरलेलं. आणि मागच्या दारापासून कातळाकडे जाणारी एक पाऊलवाट, मधोमध गुळगुळीत झालेली, जशी रोजच्या येण्याजाण्यानं होते.

फ्रिजचा आवाज एकदम बंद झाला, तो बंद होतो तसा, आणि स्वयंपाकघर फार शांत झालं.

"बाबा," ती म्हणाली, "मी नसताना तुम्ही इथं बसला होतात?"

"मला तो कॉम्प्युटरचा उंदीर धरता येतो का नीट? परवा चित्र छोटं करायला गेलो तर सगळं बंद पडलं."

तिनं थोडा विचार केला. "मग मीच कुणाचं तरी तयार घर उचललं असेल आणि त्यावर पुढची बाजू चढवली असेल. विसरले असेन. दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू घेतो आम्ही कधीकधी."

पटण्यासारखं होतं. दोघांनाही पटवून घ्यायचं होतं. तिनं कापड काढलं, झरोका काढला, भिंत काढली. वाट काढायला जरा वेळ लागला. मग गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा थबकली. सूनबाईनं नजर मागं नेली. भिंत होती, झरोका होता, वाट होती. कापड नव्हतं.

"काल सेव्ह करायचं राहिलं," ती म्हणाली.

राहिलं असेल, तर कापडही असायला हवं होतं. पण वाळल्यावर कुणी घरात नेलं असेल, असं माझ्या मनात आलं, आणि असं मनात आलं याचीच मला भीती वाटली.

४

त्याच दुपारी शाळेतून फोन आला. परीक्षक कोण ते कळलं.

आमच्या लाइनीवर एक ड्रायव्हर होते, त्यांना आम्ही "घड्याळसाहेब" म्हणायचो. सव्वीस वर्षं त्या लाइनीवर गाडी चालवली आणि एक मिनिट कधी इकडचं तिकडं झालं नाही. त्यांची गाडी गेली की लोक घड्याळं लावायचे. प्रत्येक खांब त्यांना तोंडपाठ. तेच येणार होते बघायला.

खिंडीतलं घर बघून साहेब पहिल्याच झटक्यात विचारणार, हे काय? आणि पोरीची दोन वर्षं माझ्या एका थापेपायी पाण्यात.

मी स्टूल ओढलं. "सूनबाई, एक सांगायचंय. ते घर नव्हतं."

"कुठलं?"

"निळ्या दाराचं. मी थाप मारली."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसते हात मांडीवर ठेवले.

"आणखी काय काय खोटं आहे, बाबा?"

"एवढंच. देवाशपथ एवढंच."

"हे तरी खरं कशावरून?"

आयुष्यभर जी कमाई केली ती ही.

तिनं घर निवडलं आणि बटण दाबलं. पत्रा, दार, खुर्ची, सगळं गेलं. कातळ उघडा पडला. तसाच, जसा मी एकतीस वर्षं बघितला होता. मला हायसं वाटलं.

मागं आमची बायको लसूण सोलत होती. ती म्हणाली, "काढलंत? मग उन्हाळ्यात पाणी कुणाच्यात प्यायचात तुम्ही?"

"आमच्या डब्यातलं."

"काहीतरीच. घरी येऊन सांगायचात की. तिच्या हातावरून आपलं भांडण झालं होतं एकदा. मी विचारलं, हातात बांगडी असते का. तुम्ही म्हणालात, बघितली नाही. हात बघायचा आणि बांगडी बघायची नाही, असा कोणता पुरुष? दोन दिवस बोलले नव्हते मी."

"अगं, मी सूनबाईला सांगत होतो तेव्हा तू इथंच होतीस. तेच डोक्यात बसलंय."

"बरं," ती म्हणाली आणि लसूण सोलत राहिली. "धाकटा तेव्हा पोटात होता. पण असेल, तुम्ही म्हणता तर."

५

घड्याळसाहेब दहाला येणार होते, दहाला आले. पाठीत वाकलेत, पण बूट आरशासारखे. मला बघून म्हणाले, "थापा, अजून जिवंत आहेस?"

"यम आला होता साहेब. त्याला उताराची किल्ली आणायला पाठवलाय."

ते हसले नाहीत, पण खुर्चीत बसताना खांदे जरा सैल झाले. सूनबाईनं चालवायचा डबा त्यांच्या पुढ्यात ठेवला, दोन दांडे आणि एक बटण. साहेबांनी गाडी सोडली.

काय सांगू. तो माणूस स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसलाच नव्हता. पुलावर वेग कमी करायचा तिथं कमी, चढाला द्यायचा तिथं दिला. मध्येच पुटपुटले, "कठडा वाकडा," आणि सूनबाईकडे एकदा बघितलं. त्या बघण्यात शंभर शाबासक्या होत्या. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. गाडी कुठं म्हणून थबकली नाही.

सत्तेचाळीसचा दगड आला. साहेबांनी लांब शिट्टी दिली आणि डावा हात वर केला. तिथं खिडकी नाही, आमचा फ्रिज आहे. फ्रिजला हात केल्यासारखा केला आणि पुढं नजर लावून बसले, कशाची तरी वाट बघत.

खिंड संपली. पुढं लगेच स्टेशन. साहेबांनी ब्रेक मारला, पण उशीर झाला होता. तीन डबे फलाटाच्या पुढं गेले.

साहेबांची गाडी, फलाटाच्या पुढं. मी मान खाली घातली. असलं बघायला नको वाटतं.

दांड्यावरचा हात न काढता ते म्हणाले, "घर कुठंय?"

"साहेब, तिथं घर नव्हतं," मी म्हटलं.

"तुझ्या थापा माझ्यापाशी नकोत. निळं दार दिसलं की ब्रेक. मी स्वतः तसंच लावला आणि दोनशे पोरांना तसंच शिकवलं."

"आणि शिट्टी कशाला दिलीत?" सूनबाईनं हळूच विचारलं.

"ती पाण्याला बाहेर येते कधी. रुळाच्या कडेनं चालते."

"तुम्ही बघितलीय तिला?"

साहेबांनी रुमालानं चष्मा पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिले. "हात बघितलाय," ते म्हणाले.

मग उठले. "पोरी, असं काम मी उभ्या आयुष्यात बघितलं नाही. बाकी लाइन डोळे झाकून पास. पण ते घर परत ठेव. आणि दगडापासून कितव्या स्लीपरला दार येतं ते मोजून ठेव, अंदाजानं नाही. एका स्लीपरची चूक म्हणजे नवा पोरगा भरल्या फलाटावर वेगात शिरणार. चार दिवस देतो."

६

साहेब गेल्यावर सूनबाई माझ्यासमोर बसली.

"बाबा, खरं सांगा. होतं की नव्हतं?"

"नव्हतं."

"मग साहेब?"

"साहेब माझी फिरकी घेतायत. मी एकदा त्यांचं घड्याळ दहा मिनिटं पुढं केलं होतं. त्याचं उट्टं काढतायत."

"तीन डबे फलाटाबाहेर घालवून?"

बायको ओट्यापासून म्हणाली, "होतं गं. तू ठेव. यांचं काय ऐकतेस."

बघा माझी गंमत. जन्मभर खोटं बोललो, सगळ्यांनी विश्वास ठेवला. आता खरं बोलतोय तर स्वयंपाकघरात माझ्या बाजूला एक फ्रिज तेवढा.

रागावता येईना, कारण प्रश्न माझा नव्हता. घर ठेवलं नाही तर पोरीची नोकरी गेली. आणि नसलेलं घर ठेवलं, तर नव्या पोरांना निळ्या दाराला ब्रेक लावायची सवय लागणार, आणि खऱ्या खिंडीत ते दार शोधत गाडी सोडतील. ती हेच मनात बोलत असावी, कारण म्हणाली, "मला खोटी लाइन द्यायची नाही, बाबा. नोकरी नाही मिळाली तरी चालेल."

असं बोलायला छाती लागते. तिची केवढी, हे तिच्या नवऱ्याला अजून माहीत नाही.

"मी जाऊन बघतो," मी म्हटलं. "काही नसेल, तर साहेबांना उचलून तिथं नेईन आणि दाखवीन."

"मीही येते."

"तू कुठं येतेस? खिंडीपुढची अकरा स्टेशनं अजून साफ करायचीत. तुझा चांगला फोन तेवढा दे, माझा तू ठेव."

७

सूनबाईला नोकरी मिळाली. हे आधीच सांगून टाकतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. आता टेबल आहे तिला स्वतःचं, आणि घड्याळसाहेब तिला "मॅडम" म्हणतात. कशी मिळाली तेवढं राहिलंय.

नवी लाइन टाकणाऱ्यांचा ट्रक सकाळी निघतो, त्यात बसलो. रूळ आणि स्लीपर नवे पडलेत, कडेचं रानही त्यांनी मशीननं साफ केलंय. मी त्यांच्या मुकादमाला विचारलं, "खिंडीत शेड टाकलीय का तुम्ही? निळ्या दाराची?"

"आमचं सामान सगळं स्टेशनात," तो म्हणाला. "खिंडीत आमची माणसं थांबत नाहीत."

"का?"

"जेवायला सावली नाही," तो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

अकरा वाजले होते. ऊन चटचटीत. सत्तेचाळीसच्या दगडापाशी मी एकटाच उतरलो. दगड नवा रंगवलाय. पुढं खिंड, पुढं वळण, वळणापलीकडचं दिसत नाही. मी सूनबाईला फोन लावला, आवाज मोठा केला आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला.

"काय दिसतंय, बाबा?"

"कातळ. मी सांगितलं होतं."

"वळणापर्यंत जा. आणि जाताना स्लीपर मोजा, मोठ्यानं. मी इथं लिहिते. असलं नसलं, आकडा तरी पक्का."

मी मोजायला लागलो. हे मला येतं. एक स्लीपर, एक पाऊल, एक आकडा. एकतीस वर्षं हेच केलं. पण घाईत मी कवळी घरीच विसरलो होतो, बाथरूमच्या कट्ट्यावर, आणि बिनदाताचे आकडे म्हणजे नुसता वारा.

"बासष्ट की बहात्तर, बाबा?"

"बासष्ट."

"नीट बोला ना. कवळी घातली नाही का?"

"नाही. मोज तू."

नव्वद. शंभर. कातळ दोन्ही बाजूंनी वर चढला आणि सावली आली. माझ्या पावलांचा आवाज भिंतींना लागून परत यायला लागला, थोडा मागं राहून. एकशे दहाला वळण सुरू झालं. एकशे एकोणीसला पत्र्याची कड दिसली.

आधी मला वाटलं कातळच आहे, ओला झालेला. मग गंजाचे ओघळ दिसले. मग निळं.

डोक्यानं सतरा कारणं काढली. मुकादम खोटं बोलला. सूनबाईचं चित्र बघून बघून डोळ्यात बसलंय. ऊन लागलंय. वय झालंय. सगळी चांगली कारणं होती. पाय मात्र थांबेनात, कारण तोंड मोजत होतं, आणि मोजणारा गँगमन मध्ये थांबत नाही. थांबलं की पहिल्यापासून मोजावं लागतं.

"एकशे सव्वीस की सत्तावीस?"

"सत्तावीस."

"बाबा, काही दिसलं का?"

"आहे," मी म्हटलं.

"काय आहे?"

"घर आहे."

पलीकडे तिनं सोडलेला श्वास मला ऐकू आला. दोन वर्षं धरून ठेवलेला श्वास होता तो. "खरं ना? फिरकी नाही ना?"

"नाही गं."

"मग दारापर्यंत मोजा. अगदी दारासमोर येईल तो आकडा."

तिचा आवाज इतका आनंदी होता, की मी पुढं निघालो. ती फळी फुगलेली होती तशीच. बाहेर खुर्ची. खुर्चीवर पाण्याचा पेला, काठोकाठ भरलेला, आणि पाणी अजून हलत होतं. दार वीतभर उघडं. आत अंधार, पण नुसता अंधार नव्हे. खोल, जसा पुष्कळ खोल्या असलेल्या घरात असतो.

एकशे छत्तीस. एकशे सदतीस.

आणि त्या वीतभर फटीत, कडीच्या जरा वर, चार बोटं आली. दाराच्या कडेला धरून. थाप मारताना मी एक गोष्ट सांगितली नव्हती, कारण मी ती कधी ठरवलीच नव्हती, की त्या हाताचं वय काय. ते आता मला कळलं. त्यावर मी जास्त बोलत नाही.

मी थांबलो. ओठ घट्ट मिटले. पाय स्लीपरवर, हात पोटाशी. काही म्हणजे काही बोललो नाही.

खिशातून सूनबाई म्हणाली, "एकशे अडतीस. हं."

मी श्वास धरला.

"एकशे एकोणचाळीस. एकशे चाळीस." तिच्या पेनाचा आवाज येत होता. "एकशे एक्केचाळीस."

मी सदतीसवरच उभा होतो.

"एकशे बेचाळीस. दार. बरोबर? लिहिलं." आणि ती हसली. "बघा, मनात आणलं की किती स्पष्ट बोलता येतं तुम्हाला. कवळी सापडली वाटतं."